आवाज आहे, गळती नाही

आईची रात्रपाळी असली सयाजी इस्पितळात
की बाबा मला बरोबर न्यायचे.
सायकलच्या दांड्यावर मी,
हँडलला बांधलेला दुसरा दांडा,
साडेचार फूट लोखंड, वरच्या टोकाला पितळी वाटी,
वाटीत एका कानापुरती जागा.

रात्री दीडनंतर बडोदं पाणी वापरत नाही.
तेव्हा जे वाहतं ते हरवलेलं, असं म्हणायचे.
रावपुऱ्यापासून सुरुवात. दर वीस पावलांवर
दांडा टेकवायचा, कान लावायचा, डोळे मिटायचे.
मांडवीजवळचा रखवालदार दर खेपेला विचारी,
‘काका, शुं सांभळो छो?’
‘तेच तर बघतोय,’ बाबा म्हणत.

मोठी गळती रस्ता फोडून वर येते,
तिला ऐकावं लागत नाही.
लहानीसाठी मात्र शब्दच नव्हते.
झुळझुळ, खळखळ, टपटप,
सगळे उघड्यावरच्या पाण्याचे,
काठावर बसून केलेले.
चार फूट मातीखाली, सांध्यातून चिरकणाऱ्या पाण्याला
भाषेनं कधी कान लावला नव्हता.
म्हणून वहीत यांचेच :
सुर्ण. घ्विं.
‘तव्यावर थेंब, पण तवा शेजारच्या घरात.’
‘शिटी येत नसलेलं पोर.’
(ते पोर मी.)

दांडिया बाजारात, बंद पडलेल्या छापखान्यासमोर
एक जागा होती.
तिथं त्यांचा चेहरा बदलायचा,
जेवताना खडा लागल्यासारखा, पण आनंदानं.
मी कान लावला. म्हटलं, माझंच रक्त ऐकू येतंय.
‘ते वजा कर,’ म्हणाले, ‘मग जे उरतं ते.’
मला वजाबाकी जमत नव्हती, तिसरीत होते.

दोनदा खणलं. कोरडी माती,
एक खापर, एक चिनी मातीची बशी, अर्धी.
साहेबांनी तिसऱ्या अर्जावर सही केली नाही.
आई ताट वाढताना म्हणाली, सोडा आता.
‘खणलं तिथं नसेल. आवाज सरळ चालत नाही.’
आणि भात कालवत राहिले, बराच वेळ, आमटी न घेताच.

खात्यात म्हणायचे, शिर्क्यांचं भूत.
एवढ्यावर मात्र चिडत :
‘भूत म्हटलं की चौकशी संपली.’

त्या एका आवाजाचा माग काढताना
वाटेत अकरा गळत्या सापडल्या त्यांना.
नवापुऱ्यातल्या एका गल्लीत
बारा वर्षांनी दुसऱ्या मजल्यावर पाणी चढलं.
लोकांनी पेढे दिले. बाबांनी पुडा हँडलला अडकवला
आणि सायकल वळवली
दांडिया बाजाराकडे.

एकोणऐंशी ते शहाण्णव, एकाच जागेच्या अठरा नोंदी.
तारीख, वेळ, आणि तेच वाक्य :
आवाज आहे, गळती नाही. ग. भि. शिर्के.
फक्त एकदा, शहाऐंशीच्या माघात,
समासात पेन्सिलीनं : ‘आज जरा जवळ?’
प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलेलं.

शेवटी उजवा कान गेला, तोच, वाटीचा.
डावा लावून बघितला काही दिवस.
म्हणाले, डाव्याला वेगळंच ऐकू येतं,
आता सगळं पहिल्यापासून ऐकावं लागेल.
तक्रार होती की बेत, कळलं नाही.

परवा गेले मी, दांडा घेऊन, रात्री दीडला.
छापखान्याच्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात,
खाली पेव्हर ब्लॉक. नेमकी जागा सापडेना.
अंदाजानं टेकवला. रक्त ऐकू आलं,
साठीचं रक्त, जरा फरफरणारं.
ते वजा करत होते
तर शटर ओढणारा पोरगा आला, बारा-तेरा वर्षांचा,
काही न विचारता बघत उभा राहिला,
मग हात पुढे केला.

दांडा दिला.
वाटी त्याच्या कानाला मोठी होत होती.
‘काय येतंय?’ मी विचारलं.
डोळे न उघडता त्यानं
बोट ओठांवर ठेवलं.